पन्हाळ्यावरचा शोधाशोधीचा प्लॅटफॉर्म गेम : खेळणारे अर्ध्यात सोडतात, कुठं चुकतंय?

काळापाषाण

नमस्कार मंडळी. गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये एक टूडी गेम बनवतोय. पन्हाळ्यासारखा गड, रात्रीची वेळ, आत शिरलेला एक हेर. मारामारी थोडी, सगळा भर वाटा शोधण्यावर. लेव्हल अशा वेगळ्या नाहीत, ६४ खोल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. वाटेत पाच क्षमता मिळतात : दुहेरी उडी, घोरपड (भिंत धरून चढणं), गळ (लांबच्या कडीला दोर टाकून झोका), मशाल आणि बुडी.

अडचण अशी की सात जणांना बिल्ड (खेळता येईल अशी कच्ची प्रत) दिला आणि पाच जणांनी पाऊण तासाच्या आत बंद केला. तक्रारी दोनच : "कुठं जायचं कळत नाही" आणि "सगळीकडं सारखंच दिसतंय". मग पुढचं ठिकाण दाखवणारा बाण टाकला. आता म्हणतात, बाणाच्या मागं पळतोय, दुसरं काही करतच नाही.

आकडे देतो. स्क्रीन ३२० × १८०, टाइल (खोली ज्या चौकोनी तुकड्यांनी बांधतो तो) १६ पिक्सेल, कॅमेरा हेराला मधोमध धरतो. धावण्याचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल, उडीचा वेग ४००, गुरुत्वाकर्षण ९८०. कोयोटी टाइम (काठ सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देणारी सवलत) वगैरे काही घातलेलं नाही. नकाशा पहिल्यापासून पूर्ण उघडा. सेव्हच्या जागा सहा. अडवणुकीच्या जागा बहुतेक रुंद खंदक आहेत, दुहेरी उडी मिळाली की ओलांडता येतात.

अशा गेममध्ये मजा नेमकी कशातून येते आणि यातलं आधी काय बदलू?

फ्रेम६०

आकडे दिलेत ते बरं केलंत, निम्मं दुखणं तिथंच आहे. ३००, ४०० आणि ९८० हे गोडोच्या तयार स्क्रिप्टमधले आणि सेटिंगमधले आकडे आहेत. गोडोच्या नव्या प्रोजेक्टची खिडकी ११५२ पिक्सेल रुंद असते. तिथं ३०० च्या वेगानं या टोकापासून त्या टोकाला जायला जवळजवळ चार सेकंद लागतात. तुमची स्क्रीन ३२० ची, म्हणजे गडी एका सेकंदात बाहेर. एवढ्या वेगात खोली डोळ्यांखालून जाते, डोक्यात राहत नाही.

आता उडी मोजू. उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट. १,६०,००० भागिले १,९६०, साधारण ८२ पिक्सेल, पाच टाइल. हवेतला वेळ ०.८२ सेकंद. तेवढ्या वेळात आडवं अंतर २४५ पिक्सेल, म्हणजे १५ टाइल! अख्खी स्क्रीन २० टाइलची. साध्या उडीत पार होऊ नये असा खंदक करायचा तर तो १७–१८ टाइलचा करावा लागला असणार. आणि कॅमेरा मधोमध असल्यामुळं काठावर उभं राहिलं की पुढं फक्त दहा टाइल दिसतात. पलीकडचा काठ दिसतच नाही. खेळणाऱ्याला तो खंदक वाटत नाही, नुसती दरी वाटते. तो पडतो, मरतो आणि दुसरीकडं निघून जातो.

"पलीकडं काहीतरी आहे, मला आत्ता पोचता येत नाही" हे वाक्य खेळणाऱ्याच्या मनात उमटलं पाहिजे. या जातीच्या गेमची सगळी मजा त्या एका वाक्यावर उभी असते. तासाभरानं दुहेरी उडी मिळाली की कुणी न सांगता ती जागा त्याला आठवते आणि तो आपणहून मागं फिरतो. तुमच्याकडं ती जागा त्यानं पाहिलेलीच नाही, तर आठवणार काय? बाण टाकावा लागला तो यामुळंच.

म्हणून उडी टाइलवरून ठरवा. दोन गोष्टी तुम्ही ठरवायच्या : किती उंच आणि शिखरापर्यंत पोचायला किती वेळ. समजा साडेतीन टाइल, म्हणजे ५६ पिक्सेल, आणि ०.३५ सेकंद.

गुरुत्वाकर्षण = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग = ११२ ÷ ०.१२२५ = ९१४
उडीचा वेग = २ × उंची ÷ वेळ = ११२ ÷ ०.३५ = ३२० (गोडोत वरची दिशा उणे, म्हणून उणे ३२०)

खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट करा, साधारण १३७०. नाहीतर उडी फुग्यासारखी तरंगते. उतरायला ०.२९ सेकंद लागतील, हवेतला एकूण वेळ ०.६४. धावण्याचा वेग १३० ठेवा. आडवं अंतर ८३ पिक्सेल, पाच टाइलच्या किंचित वर. स्क्रीन ओलांडायला अडीच सेकंद. तुलनेसाठी सांगतो, 'सेलेस्ट' (२०१८) ची स्क्रीनही ३२० × १८० आहे आणि तिथं धावण्याचा कमाल वेग ९० आहे. तो शोधाशोधीचा गेम नव्हे, पण त्याच्या कर्त्यांनी पात्राचा कोड सगळ्यांसाठी खुला केलाय. उडी कशी घडवतात ते त्यात ओळ न् ओळ बघायला मिळतं.

त्याच कोडमध्ये कोयोटी टाइम ०.१ सेकंद आहे. काठावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी चालते. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) धरल्या तर सहा फ्रेम. तुम्हीही तेवढाच द्या. दुसरं, जमिनीला टेकायच्या पाचेक फ्रेम आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्या. तिसरं, बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा उरलेला वेग निम्मा करा, म्हणजे छोटी उडी आणि मोठी उडी दोन्ही हातात येतात. चौथं, वर जाताना डोकं कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत घासलं तर हेराला हळूच बाजूला सरकवा.

एक फसगत हमखास होते. उडी मारताक्षणी कोयोटीचा टायमर शून्य केला नाही तर हवेत गेल्यावर ०.१ सेकंदानं दुसरी उडी फुकट मिळते. वरच्या आकड्यांत तोवर हेर २७ पिक्सेल चढलेला असतो, त्यावर आणखी ५६, म्हणजे ८३. पाच टाइलचा कट्टा ८० चा. अडवणूक म्हणून बांधलेला कट्टा दुहेरी उडीविनाच पार! असं झालं की खोलीची मापं बदलत बसू नका, टायमर बघा.

सज्जाकोठी

वरच्या हिशोबाला जोडून लिहिते. अडवणुकीचं माप "उडीपेक्षा थोडं जास्त" असं कधीच ठेवू नका. उडी ८३ पिक्सेलची म्हणून सहा टाइलचा, म्हणजे ९६ चा खंदक पुरेल असं वाटतं. पण हेराची अंगरुंदी त्यात धरायची राहते. तो मागचा पाय काठावर असताना उडतो आणि पुढचा पाय पलीकडं टेकला की पोचतो. रुंदी १० पिक्सेल धरली तर पल्ला ९३ झाला. कोयोटीच्या ०.१ सेकंदात आणखी १३ पिक्सेल. झाले १०६, म्हणजे साडेसहा टाइल. सहाचा खंदक दहातून एकदा पार होणार.

हा दहातून एकदाचा प्रकार गेमला मारतो. खेळणाऱ्याला वाटतं आपला हात चुकतोय, आणि तो तिथंच पंधरा मिनिटं धडका मारत बसतो. म्हणून पट्टे पाडून घ्या. चार टाइलपर्यंतचा खंदक रोजच्या वाटेवर. पाचचा, मुद्दाम कस लावायचा असेल तिथं. सहा आणि सात कुठंच नको. आठपासून पुढं अडवणूक. उंचीलाही तसंच : तीन टाइलपर्यंत चढता येतं, चार टाळा, अडवायचं असेल तर पाच. दुहेरी उडीतली दुसरी झेप अडीच टाइलची ठेवलीत तर एकूण सहा होतात आणि पाचचा कट्टा आरामात मिळतो. आत्ता जमणार नाही हे एका प्रयत्नात कळावं आणि क्षमता मिळाल्यावर पहिल्या प्रयत्नात जमावं.

पलीकडं काय आहे तेही त्याच स्क्रीनमध्ये दिसू द्या. आठ टाइलचा खंदक आणि त्याच्या पलीकडच्या कोनाड्यात पेटी, तिच्यावर एकच दिवा. बाकी खोली अंधारात असली तरी चालेल. खंदकाच्या बाजूला कॅमेरा ४० पिक्सेल पुढं सरकवा, म्हणजे दोन्ही काठ एकदम चौकटीत येतात.

अशा उघड्या अडवणुकी एका वेळी तीन ते चारच डोक्यात राहतात. पहिल्या अर्ध्या तासात बारा ठिकाणी अडवलंत तर एकही लक्षात राहत नाही. तुमच्या ६४ खोल्यांत हे सहज झालेलं असू शकतं, मोजून बघा.

आणि पाचही क्षमतांना स्वतःला एक प्रश्न विचारा : ही क्षमता आहे की चित्र बदललेली किल्ली? मशाल फक्त जळमटं लावलेलं दार जाळत असेल तर ती किल्लीच. पण मशालीनं वटवाघळं लांब पळाली, पाण्यात उतरलं की ती विझली आणि पुन्हा पेटवायला दिवा शोधावा लागला, तर तिच्या जिवावर दहा खोल्या उभ्या राहतात. 'अ‍ॅनिमल वेल' (२०२४) मध्ये साबणाच्या फुग्यांची कांडी मिळते. फुगा सोडायचा आणि त्याच्यावर पाय देऊन वर जायचं. 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट' (२०१५) मध्ये शत्रूनं फेकलेला गोळा पकडून त्यावरूनच झेप घ्यायची आणि गोळा उलट्या दिशेला पाठवायचा. एकाच हालचालीत लढाई, प्रवास आणि अडवणूक उघडणं, तिन्ही. तुमचा गळ त्या जागी बसण्यासारखा आहे. तो कडीला अडकतो तसा ढालवाल्या पहारेकऱ्याच्या ढालीलाही अडकू दे.

"सगळीकडं सारखंच" याबद्दल. पन्हाळा काळ्या दगडाचा, वर रात्र, म्हणून सगळं काळंनिळं झालं असणार. एक चाचणी करा. ६४ खोल्यांचे स्क्रीनशॉट काढा, रंग घालवा, ४० × २२ पिक्सेलपर्यंत लहान करा आणि सगळे एका कागदावर लावा. ज्या खोल्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत त्या खेळणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. आकार वेगळा पाहिजे. रंग त्यानंतर.

गडानं तुम्हाला आयते आकार दिलेत. तीन दरवाज्याची कमान आणि आतला चौक. त्याला लागूनच अंधारबाव, तीन मजली, खाली उतरत जाणारी. तिथं सगळ्या खोल्या उभ्या ठेवा, रुंदीपेक्षा उंची जास्त, वर उजेडाचा चौकोन आणि तळाला पाणी. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या मात्र एकसारख्या निघतील, तिथं जपा. एकीत धान्याची रास चढणीसारखी, एक पूर्ण रिकामी आणि आवाज घुमणारी, एकीचं छत पडलेलं आणि वर चांदणं. सज्जा कोठी कड्यावर आहे, तिच्या खिडकीतून पुढच्या टप्प्यातला बुरूज लांबवर दिसू दे, मागच्या थरात सावकाश सरकणारा. जायचंय कुठं ते खिडकीनंच दाखवलं, की बाण काढून टाकता येतो.

पेठेतला गडी

भावा, विषय लई आवडला, पन्हाळ्यावर असं कुणीतरी करायलाच पाहिजे होतं. वरच्या दोघांनी उडी आणि खोल्या सांगितल्या, मी नकाशा आणि चालण्याचं सांगतो.

नकाशा पहिल्यापासून उघडा ठेवलास तिथं शोधायचं काय राहिलं? तो झाका. हेर खोलीत शिरला की ती खोली नकाशावर उमटावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या तोंडातून तो अजून गेला नाही ते तोंड उघडं दाखव, रेघेनं बंद न करता. बंद चौकोन म्हणजे बघून झालं, फाटका चौकोन म्हणजे अजून बाकी. एवढ्या एका गोष्टीनं "कुठं जायचं" हा प्रश्न निम्मा सुटतो.

'हॉलो नाइट' (२०१७) मधला प्रकार बघ. नव्या भागात शिरलं की नकाशा नसतो. नकाशे काढणारा एकजण त्या भागात कुठंतरी बसलेला असतो. त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, आजूबाजूला कागद पडलेले असतात, त्यावरून तो सापडतो. त्याच्याकडून अर्धवट नकाशा विकत घ्यायचा, लेखणी वेगळी घ्यायची, आणि नव्या खोल्या बाकावर बसल्यावरच भरतात. आपण नकाशावर कुठं आहोत हे दाखवणारं होकायंत्रसुद्धा एक जागा अडवतं, म्हणजे तिथं दुसरं काही लावता येत नाही. लई कडक आहे, पण त्यामुळं आवाज ऐकू आला की जीव भांड्यात पडतो. तुझ्या पहिल्या गेमला एवढं कडक नको. पण एखादा दिवट्या किंवा गोंधळी तुझ्या गडात असा बसव, आवाजानं सापडणारा.

खुणा खेळणाऱ्याला स्वतः लावू दे. पाच क्षमतांच्या पाच खुणा आणि एक नुसती प्रश्नचिन्हाची. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' (२०२४) मध्ये तर समोर दिसतं त्याचा फोटो काढून नकाशावर टाचता येतो. पुढं महिनाभरानं गेम उघडला तरी अडलं कशात होतं ते दिसतं. करायला फार अवघड नाही : व्ह्यूपोर्टमधून (पडद्यावर दिसणाऱ्या भागातून) चित्र घ्यायचं, १६० × ९० ला छोटं करायचं आणि सेव्ह फाइलसोबत ठेवायचं. संख्येला मर्यादा घाल, वीसभर पुरेत.

आता चालणं. १३० च्या वेगानं एक स्क्रीन अडीच सेकंद. तीन स्क्रीनची खोली आठ सेकंद. बारा खोल्या मागं जायचं म्हटलं तर दीड मिनिट, आणि त्यात नवीन काही नसलं तर माणूस कंटाळणारच. म्हणून वाट कधीही सरळ रेषेत संपवू नको, ती वळून ओळखीच्या चौकात परत आली पाहिजे. याला पन्हाळ्याच्या राजदिंडीसारखं (दिंडी म्हणजे छोटा दरवाजा) दुसरं उदाहरण नाही. १६६० च्या वेढ्यातून महाराज राजदिंडीनंच बाहेर पडले. तुझ्या गेममध्ये ती दिंडी आतूनच उघडणारी ठेव. खेळणारा सुरुवातीला बाहेरून ती बंद बघतो, दोन तासांनी आतल्या अंधारातून येऊन अडसर काढतो आणि एकदम पहिल्याच चौकात उभा राहतो. तो क्षण लई मोठा असतो.

सेव्हच्या सहा जागा ६४ खोल्यांना कमी आहेत, दहा-अकरा खोल्यांमागं एक पडते. बारा कर. बॉसच्या (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या) दारापासून जवळची जागा तीस सेकंदांत यावी. बॉसकडून हरणं माणूस सोसतो, दर वेळी दोन मिनिटं चालणं सोसत नाही.

काळापाषाण

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, स्क्रीनशॉटची चाचणी केली, ६४ पैकी २३ खोल्या एकमेकींत मिसळतात. त्या आता बदलतोय. नवे आकडे घातले, हेर हातात छान बसतोय. पण जुने खंदक आणि कट्टे सगळे मोडले, कारण ते १५ टाइलच्या उडीसाठी बांधलेले. टाइलचा आकार बदलून किंवा खोल्या एका प्रमाणात लहान करून निभावेल का? आणि दुसरं, अंधारबावेत खेळणारा पाण्यात पडला आणि बुडी मिळालेली नसली तर तो वर येऊ शकत नाही. तिथं काय करावं?

फ्रेम६०

प्रमाणात लहान करू नका. आडवं माप १५ वरून ५ वर आलंय, म्हणजे तिसरा हिस्सा. उभं माप ५ वरून साडेतीनवर. दोन्हींचं प्रमाण वेगळं, त्यामुळं एका गुणकानं काहीच जुळणार नाही.

आधी एक मोजपट्टीची खोली बांधा. तीनपासून नऊ टाइलपर्यंतचे खंदक ओळीनं, दोनपासून सातपर्यंतचे कट्टे ओळीनं, प्रत्येकावर आकडा. घोरपडीसाठी भिंती, गळासाठी कड्या वेगवेगळ्या अंतरावर. उडीचा एकही आकडा बदलला की पहिल्यांदा या खोलीत या आणि काय जमतं, काय जमत नाही ते तपासा. मग जुन्या खोल्या घ्या, पहिल्या पंधरा आधी. खोलीचा हेतू एका ओळीत लिहा ("पेटी दाखवायची, द्यायची नाही") आणि त्या हेतूनं टाइल पुन्हा मांडा. काही खोल्या तीन स्क्रीनवरून एका स्क्रीनवर येतील. येऊ द्यात, दाटीनं बांधलेली खोली जास्त लक्षात राहते.

शून्यबग

अंधारबावेचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे, त्याच्यावर आधी काम करा. खेळणारा पाण्यात पडला, तिथंच जवळ सेव्ह झाला आणि वर यायला वाट नाही, तर त्याची फाइल कायमची गेली. तो परत गेम उघडणार नाही.

नियम असा : उतरता येतं पण चढता येत नाही अशा प्रत्येक जागी एकतर बाहेर जायची साधी वाट हवी किंवा बाहेर काढणारी क्षमता तिथंच मिळायला हवी. दुसरा पर्याय जास्त चांगला, कारण खोलीच शिकवते. बावेच्या तळाला बुडी द्या आणि बाहेर पडायची एकच वाट पाण्याखालच्या भुयारातून ठेवा. पाटी लावायची गरज नाही.

हे डोळ्यांनी तपासून होत नाही, तक्ता करा. प्रत्येक जोडाची एक ओळ : कुठून, कुठं, कोणती क्षमता लागते, उलट येता येतं का. पाच क्षमतांचे मेळ ३२ होतात. प्रत्येक मेळासाठी पहिल्या खोलीपासून कुठंकुठं पोचता येतं ते काढा आणि पोचलेल्या प्रत्येक खोलीतून निदान एका सेव्हच्या जागेपर्यंत आणि पुढच्या एका क्षमतेपर्यंत वाट आहे का ते बघा. चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरते. खोल्या बदलल्या की पुन्हा चालवा. या तक्त्यात न ठरवलेल्या चोरवाटाही दिसतील. त्या सगळ्या बुजवून टाका, क्रम बिघडता कामा नये.

सज्जाकोठी

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अडकवणाऱ्या वाटा जरूर बुजवा, पण लवकर पोचवणाऱ्या चोरवाटा ठेवा. 'सुपर मेट्रॉइड' (१९९४) मध्ये भिंतीवरून भिंतीवर उडी मारत चढणं पहिल्या मिनिटापासून करता येतं, फक्त कुणी सांगत नाही. पुढं एका खोल विहिरीसारख्या खोलीत तीन छोटे प्राणी तसं चढून दाखवतात. बघून बघून खेळणाऱ्याला कळतं की हे आपल्यालाही जमत होतं! त्या जोरावर लोक आजही तो गेम वेगवेगळ्या क्रमानं खेळतात. काळापाषाण, तुमच्या तक्त्यात अशी वाट सापडली आणि ती खेळणाऱ्याला अडकवत नसेल, तर तिच्या शेवटी काहीतरी ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला समजेल की त्याची दखल घेतली.

शून्यबग

मान्य. अट एवढीच की ३२ मेळांत तीही वाट धरून तक्ता स्वच्छ निघाला पाहिजे. आणि बॉस न मारता त्याच्या पुढच्या खोलीत पोचलेला असेल तर दारं, संवाद वगैरे "बॉस मेला" या खुणेवर बांधलेले नकोत, ते "या खोलीत आला" या खुणेवर बांधा. नाहीतर मागून आलेल्या माणसाला दार बंदच दिसतं.

पेठेतला गडी

एक राहिलं. आपल्याकडं बरीच पोरं मोबाईलवरच खेळणार. स्क्रीनवरच्या बटणांवर अंगठा नेमका बसत नाही, म्हणून तिथं कोयोटी आणि आधी दाबलेलं बटण, दोन्हीला आठ फ्रेम दे. पल्ला त्यामुळं ११० पिक्सेलपर्यंत जातो, सात टाइलच्या आत, म्हणजे आठचा खंदक शाबूत राहतो. उडीचं बटण दिसतं त्यापेक्षा स्पर्शाला दीडपट मोठं ठेव. आणि खालच्या दोन कोपऱ्यांत, अंगठ्यांच्या खाली येईल तिथं, पेटी किंवा दिवा ठेवू नको, दिसत नाही.

काळापाषाण

आता पुढचा बिल्ड परत त्या लोकांना देणार आहे. या वेळी विचारायचं काय? गेल्या वेळी "आवडला का" विचारलं, त्यातून काहीच हाती लागलं नाही.

फ्रेम६०

खेळताना बोलू नका, बोटही दाखवू नका. तुम्ही एकदा "डावीकडं बघ" म्हटलंत की ती चाचणी वाया गेली. बिल्डमध्ये दर सेकंदाला एक ओळ फाइलमध्ये जाऊ द्या : वेळ, खोली, आडवी जागा, उभी जागा. पाऊण तासाच्या २,७०० ओळी होतात, फाइल छोटीच राहते. कोणत्या खोलीत किती सेकंद गेले ते जोडून बघा. एका खोलीत वेळ फार गेला आणि तिथं अडवणूक असेल, तर माप संशयाच्या पट्ट्यात, म्हणजे सहा-सात टाइलमध्ये अडकलंय का ते आधी तपासा. तीनच खोल्यांत माणूस येरझाऱ्या घालत असेल तर नकाशावरची उघडी तोंडं त्याला दिसत नाहीत.

जुन्या सात जणांना गड पाठ झालाय, निदान तिघं नवीन घ्या.

खेळ थांबल्यावर गेम बंद करा आणि कोरा कागद द्या. आठवेल तसा गड काढायला सांगा, आणि जिथं जाता आलं नाही तिथं फुली मारायला सांगा. चित्र वेडंवाकडं आलं तरी हरकत नाही. कागदावर खंदक आणि पलीकडची पेटी दोन्ही आली तर ती खोली तशीच ठेवा. खंदक आला पण पेटी आली नाही, तर पेटीवरचा दिवा उजळा. दोन्ही नसले तर ती खोली पुन्हा बांधायला घ्या.